कल्ले उचलून बघ

ग्रिम्सबीत फिशिंगबद्दल शिकवते म्हटलं
की टॅक्सीवाला आरशातून बघून हसतो.
त्याचा आजा कॉडमागे आइसलंडपर्यंत जायचा.
तसलं नाही हो, मी म्हणते, कॉम्प्युटरवरचं.
गळ तो गळच, तो म्हणतो
आणि मला कौन्सिलच्या दारात सोडतो.

माझी नोकरी अशी:
महिन्यातून दोनदा सातशे माणसांना
खऱ्या चोरांच्या आधी खोटी पत्रं पाठवायची.
पार्सल अडकलंय, दोन पौंड भरा.
पगारात चूक आहे, आज पाचच्या आत तपासा.
'आज पाचच्या आत' हे माझं लाडकं आमिष.
घाईतलं तोंड काटा बघत नाही.
मग ज्यांनी क्लिक केलं त्यांची यादी,
आणि मंगळवारी, बिस्किटांच्या डब्यासकट, त्यांचा वर्ग.

वर्गात मी वेंगुर्ल्याचा बाजार सांगते.
गाबतीण ताजी ताजी म्हणून ओरडत असायची,
आई इसवणाच्या टोपलीपुढे उकिडवी, गप्प.
कल्ला उचलायची.
आत लाल दिसलं तरच पुढचं बोलणं.
(इथे मासा डोकं छाटून, कातडी सोलून मिळतो,
त्यामुळे उदाहरण पटायला जरा वेळ लागतो.)
वर बँकेचं नाव, चिन्ह, सगळं चकचकीत असेल,
पाणी मारलं की शिळी मासळीही चकाकते.
बाण लिंकवर न्या. दाबू नका. नुसता ठेवा.
खाली खरा पत्ता दिसेल. तो कल्ला.
ओच्या जागी शून्य बसलंय का बघा.
तुमचे पैसे सांभाळणाऱ्या बँकेला
तुमचं नाव ठाऊक नाही, नुसतं 'प्रिय ग्राहक'?
आणि शंका आली तर पत्रातला नंबर नको,
कार्डाच्या पाठीवरचा फिरवा.

मॉरीन ब्लँचर्ड, घरपट्टी विभाग, निवृत्तीला चौदा महिने.
पार्सलला फसली नाही, पगाराला नाही,
करपरताव्याला तर मोठ्यानं हसली म्हणे.
फेब्रुवारीत मी एवढंच लिहिलं:
'तुमच्यासाठी एक निरोप ठेवला आहे. ऐका.'
तिनं चार सेकंदांत दाबलं.
मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा.

मंगळवारी मागच्या खुर्चीत बसून म्हणाली,
ते कल्ल्याचं कळलं गं मला.
वाटलं, आमचा कॉलिन असेल.
पर्थला गेला त्याला सहा वर्षं झाली.
तिनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
आम्ही दोघी कपात बघत राहिलो.

तक्त्यात तिच्या नावापुढचा रकाना लाल.
मी लालच ठेवला. नोकरी आहे.
ते वाक्य मात्र पुन्हा गळाला लावलं नाही.

घरी येऊन सवयीनं नकोशा पत्रांचा कप्पा उघडला.
लॉटरी, वजन उतरवायच्या गोळ्या,
आणि त्यांच्या मधोमध आई.
'तातडिचे आहे फोन कर'
ऱ्हस्व-दीर्घ उलटंपालटं, विषय कोरा,
भाच्यानं काढून दिलेला नवा पत्ता, नवा नंबर,
माझं नाव नाही, सोबत एक फाईल.
वर्गात फळ्यावर लिहिते त्यातली
एकही खूण सुटली नव्हती.
नऊ दिवस पडून होतं.

फाईल उघडली नाही.
तिनं दिलेला नंबरही नाही,
लहानपणापासून पाठ असलेला फिरवला.
वेंगुर्ल्यात साडेअकरा वाजलेले.
कोण तां?
मी.
मी म्हणजे कोण? हल्ली कोणय फोन करतत.
आमची इसवणवाली कोण, तां सांग आधी.

केसर, मी म्हटलं. केसर गाबतीण.

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
हां, आई म्हणाली.
मगे नव दीस खंय होतंस?